विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींच्या घरी चित्रांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. बापाकडून मुलाकडे पोथी जाते, त्यासाठी कोणाची अनुमती लागत नाही. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. पुढे छापील प्रती दुर्मिळ झाल्या, तरी हस्तलिखितांमुळे ग्रंथ तगला आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापता आला.

ई-पुस्तकाला हे भाग्य नाही. पडद्यावर ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असते, अटींमध्ये मात्र केवळ वाचनाचा परवाना दिल्याचे नमूद असते. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याला त्यांचे हक्क नव्हते हे खरे. कंपनीने पैसे परत केले, क्षमाही मागितली. परंतु घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे त्या दिवशी उघड झाले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांची पुस्तकेही त्याबरोबर गेली.

ई-पुस्तकाची सोय आम्ही नाकारीत नाही. वृद्धांना अक्षर मोठे करता येते. आखातातल्या आपल्या मुलांना मराठी पुस्तक क्षणात मिळते. लेखकाच्या श्रमाचे मोलही त्याला मिळालेच पाहिजे. पण हजारो पुस्तकांतून एक निवडण्याची मुभा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. अट एकच आणि तीही विक्रेत्याची, तर ग्राहकाने निवडले काय?

पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात असे प्रतिपादिले, की मजुरीतून घेतलेली वस्तू हे मजुरीचेच दुसरे रूप होय आणि तिचा विनियोग करण्याचा अधिकार मजुराचाच. मग घामाच्या पैशांनी घेतलेले पुस्तक शेजाऱ्याला देता येऊ नये, नातवाला ठेवता येऊ नये, हा कोणता न्याय? भाड्याला विक्री म्हणणे हे असत्यच होय.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायद्याने विक्रेत्यांना हे स्पष्ट सांगणे भाग पाडले आहे. आपल्या ग्राहक संघटनांनीही तशी मागणी लावून धरावी. कुटुंबांनी खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत: प्रत माझ्यापाशी राहील काय? उसनी देता येईल काय? माझ्यामागे मुलांना मिळेल काय? उत्तर नकारार्थी असेल तर कुलूप नसलेली ई-प्रत शोधावी, नाहीतर छापील पुस्तक घ्यावे आणि वाचून झाल्यावर धर्मग्रामाच्या वाचनालयाला द्यावे. आपल्या मालकीचे तेच आपण दान करू शकतो.