बाद फेरीत परतीचा सामना हवाच

चॅम्पियन्स लीगच्या बाद फेऱ्या जवळ आल्या की एक सूचना हमखास डोके वर काढते. प्रत्येक फेरीत दोन-दोन सामने कशाला? एकाच सामन्यात निकाल लावा आणि मोकळे व्हा. २०२० साली कोरोनामुळे उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सगळे सामने पोर्तुगालमध्ये, लिस्बनच्या रिकाम्या मैदानांवर, एकेरी पद्धतीने उरकावे लागले होते. बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ असे लोळवले ते त्याच वेळी. ती अडचणीतली सोय होती. पण तिची गोडी काहींना लागली आहे. चार चांगले संघ एका शहरात आणायचे, आठवडाभर जत्रा भरवायची आणि तिकिटे व जाहिराती एका फटक्यात विकायच्या, हा हिशेब त्यामागे आहे. या सूचनेला माझा ठाम विरोध आहे, आणि तो का आहे हे युरोपपासून फार लांब राहणारा माणूस म्हणून सांगावेसे वाटते.

मी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, सौकारपेटमध्ये गलाईचे दुकान चालवतो. गाव विट्याच्या बाजूचे. जुने सोने वितळवून शुद्ध करून देण्याचा हा धंदा खानापूर, आटपाडी, तासगावकडच्या घराघरांत आहे, आणि देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत आमच्याकडचा एखादा तरी गलाईवाला सापडतोच. फुटबॉलचे वेड मात्र कोल्हापूरचे. कॉलेजची वर्षे तिथे गेली आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार यांचे सामने बघत मी हा खेळ शिकलो. ते वेड चेन्नईतही सुटले नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर पुढे जातात आणि उपांत्यपूर्व फेरीपासून सामने साडेबाराला येतात. सकाळी भट्टी पेटवायची असते, तरी मी जागतो.

असाच जागलो ५ मार्च २०२५ च्या रात्री. पॅरिस सेंट जर्मेनविरुद्ध लिव्हरपूल, पहिला सामना पॅरिसमध्ये. पॅरिसने गोलवर २७ फटके मारले, लिव्हरपूलने दोन. लिव्हरपूलचा गोलरक्षक ॲलिसन एकामागून एक चेंडू अडवत राहिला आणि ८७ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या हार्वी इलियटने लिव्हरपूलचा एकमेव गोल केला. निकाल ०-१. एकेरी पद्धत असती तर पॅरिस त्या रात्रीच बाहेर पडले असते. पण सहा दिवसांनी परतीचा सामना होता. ॲनफिल्डवर डेम्बेलेने बाराव्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली, जादा वेळेतही कोंडी फुटली नाही, आणि पेनल्टींवर पॅरिस ४-१ ने जिंकले. पुढे ३१ मे रोजी म्युनिकला इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवून त्यांनी पहिल्यांदा हा चषक उचलला. त्या वर्षी युरोपातला सर्वोत्तम संघ कोणता होता, याबद्दल आज कोणी वाद घालत नाही. एका रात्रीच्या निकालावर विसंबलो असतो तर तोच संघ मार्चमध्ये घरी बसला असता.

माझ्या धंद्यात हे रोज दिसते. वितळलेले सोने ओतून लगड झाली की तिचा कस एकाच कोपऱ्यावरून ठरवायचा नाही. धातू नीट मिसळला नसेल तर एका टोकाला वेगळा कस येतो आणि दुसऱ्या टोकाला वेगळा. म्हणून समोरासमोरच्या दोन टोकांचे नमुने घ्यायचे आणि मगच आकडा सांगायचा. गिऱ्हाइकाचा त्यावर विश्वास बसतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही बाजू तपासलेल्या असतात. फुटबॉलमध्ये घरचे मैदान आणि परके मैदान ही अशीच दोन टोके आहेत. आपल्या लोकांसमोर खेळताना संघ एक असतो, चाळीस-पन्नास हजार लोक विरोधात ओरडत असताना वेगळाच होतो. दोन्हीकडे टिकेल तो पुढे जावा.

विरोधात तीन मुद्दे मांडले जातात. पहिला खेळाडूंच्या थकव्याचा. खेळाडू दमतात हे खरेच. पण त्यांच्यावरचा भार वाढवला कोणी? २०२४-२५ पासून संघ ३२ वरून ३६ झाले, प्रत्येकाचे पहिल्या टप्प्यातले सामने सहावरून आठ झाले, आणि नवव्या ते चोविसाव्या क्रमांकाच्या संघांसाठी प्ले-ऑफची एक जादा फेरी आली. स्पर्धेचे एकूण सामने १२५ वरून १८९ वर गेले. पॅरिसला चषकापर्यंत पोहोचायला १७ सामने खेळावे लागले. ज्यांनी हे सामने वाढवले त्यांनीच आता थकव्याचे कारण सांगून बाद फेरीला कात्री लावायची, हे मला पटत नाही. कापायचे असेल तर हिवाळ्यातल्या त्या लांबलचक पहिल्या टप्प्यातून कापा. तिथला एखादा सामना गेला तर कोणाला हळहळ वाटणार नाही.

दुसरा मुद्दा असा की पहिल्या सामन्यात संघ हात राखून खेळतात. परक्या मैदानावरच्या गोलला जास्त वजन होते तोवर यात तथ्य होते. घरी गोल खायचा नाही या धास्तीने यजमान संघ मागे राहत. तो नियम २०२१-२२ पासून गेला. त्यानंतर काय झाले ते २०२५ च्या उपांत्य फेरीत इंटर आणि बार्सिलोनाने दाखवले. पहिला सामना ३-३. मिलानच्या परतीच्या सामन्यात बार्सिलोना पुढे असताना भरपाई वेळेत अचेर्बी या सदतीस वर्षांच्या बचावपटूने पुढे धावत जाऊन बरोबरी केली, आणि जादा वेळेत इंटरने ४-३ असा सामना मारला. एकत्रित ७-६. यात कोणी कुठे हात राखला?

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. एकाच सामन्यात छोटा संघ मोठ्याला उलथवू शकतो, दोन सामन्यांत मोठ्याचीच सरशी होते, असे म्हणतात. शक्यतेच्या हिशेबाने हे खरे असेल. पण छोट्या गावाला धक्कादायक विजयापेक्षाही मोठे काहीतरी मिळू शकते, आणि ते परतीच्या सामन्यातूनच मिळते. नॉर्वेत आर्क्टिक वर्तुळाच्याही उत्तरेला बोडो नावाचे गाव आहे. लोकवस्ती आमच्या विट्याएवढीच म्हणा. तिथला बोडो-ग्लिम्ट संघ २०२५ मध्ये युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला. नॉर्वेच्या कुठल्याही क्लबने युरोपात त्यापूर्वी इतकी मजल मारली नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी रोमच्या लाझिओला घरी २-० हरवले, रोममध्ये १-३ हरले आणि पेनल्टींवर तरले. मग लंडनच्या टॉटनहॅमकडून ते पहिला सामना १-३ असा हरले. तरी टॉटनहॅमला परतीच्या सामन्यासाठी विमान पकडून बोडोला जावेच लागले. आठ हजारांच्या आसपास लोक मावतात अशा मैदानात, प्लॅस्टिकच्या गवतावर. टॉटनहॅम तिथेही जिंकले आणि पुढे त्यांनी चषकही घेतला. पण युरोपची उपांत्य फेरी बोडोतल्या शाळकरी पोरांनी आपल्या गावात, डोळ्यांनी पाहिली. सामने एका मोठ्या शहरात भरवले असते तर त्या पोरांना हीच उपांत्य फेरी टीव्हीवर बघावी लागली असती.

कोल्हापूरचे वाचक विचारतील की आमच्याकडे तर वर्षानुवर्षे एकाच सामन्यात निकाल लागतो, त्याचे काय. कोल्हापूरची गोष्ट निराळी आहे. तिथे मैदान एकच आणि ते दोघांच्याही घरचे. दोन्ही पेठा चालत येतात, दोन्ही बाजूंचे झेंडे असतात आणि मैदानात कोणीच परके नसते. परतीचा सामना लागतो तो दोन गावांमध्ये शेकडो मैलांचे अंतर असते तेव्हा.

घरचा सामना हुकणे म्हणजे काय, हे आम्ही चेन्नईत सोसले आहे. २०१५ च्या डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत शहर पाण्याखाली गेले. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत चेन्नईयिनसमोर कोलकात्याचा संघ होता आणि घरचा सामना खेळवण्याच्या स्थितीत शहर नव्हते. तो सामना १२ डिसेंबरला पुण्यात, बालेवाडीला नेला. चेन्नईयिनने ३-० असा जिंकलाही. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तेव्हा बंगाली कारागीर काम करत. सौकारपेटमधली दागिन्यांची बारीक कलाकुसर बरीचशी याच लोकांच्या हातची. मी त्यांना म्हटले, “दादा, संपलं आता तुमचं.” त्यातला म्हातारा कारागीर चिमट्यात धरलेल्या नथीवरून नजर न काढता म्हणाला, “अजून आमच्या घरी यायचंय तुम्हाला, सेठ.” १६ तारखेला सॉल्ट लेकवर कोलकाता २-१ ने जिंकले. एकत्रित ४-२ ने आम्ही अंतिम फेरीत गेलो, पण त्या रात्री टाळ्या वरच्या मजल्यावर वाजत होत्या. स्पर्धेतून बाहेर पडलेल्या संघाने आपल्या लोकांचा निरोप सामना जिंकून घेतला होता. चेन्नईला मात्र आपल्या मैदानावरची रात्र मिळाली नाही, आणि चिखल उपसणाऱ्या या शहराला तिची गरज त्याच डिसेंबरात सर्वांत जास्त होती. गोव्यातल्या फातोर्ड्याला गोव्याविरुद्धचा अंतिम सामना ३-२ असा जिंकून चषक आला, तरी ती रुखरुख माझ्या मनातून गेली नाही.

ती रात्र मिळाली १३ मार्च २०१८ ला. उपांत्य फेरीचा पहिला सामना फातोर्ड्यात गोव्याशी १-१ करून चेन्नईयिन परत आले होते. दुकान लवकर बंद करून आम्ही वॉल टॅक्स रोडने सेंट्रल स्टेशन, तिथून रिपन बिल्डिंगवरून नेहरू स्टेडियमला चालत गेलो. वाटेत उत्तर चेन्नईकडून आलेल्या पोरांचे घोळके भेटत गेले. व्यासरपाडीच्या गल्ल्यांत फुटबॉल किती मुरलेला आहे हे चेन्नईत सगळ्यांना ठाऊक आहे. जेजेने पहिला गोल केला आणि तीनच मिनिटांत धनपाल गणेशने दुसरा. गणेश चेन्नईचाच. त्याच्या गोलनंतर माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा मागे वळून ओळख ना पाळख, माझ्या गळ्यात पडला आणि “अण्णा, आपला पोरगा, आपला पोरगा” असे तमिळमध्ये ओरडत राहिला. जेजेने शेवटी आणखी एक गोल केला आणि सामना ३-० संपला. दोन वर्षांनी याच दोन संघांमध्ये चेन्नईत ४-१ झाले आणि गोव्यात गोव्याने ४-२ असे उट्टे काढले, एकत्रित ६-५. गोव्याची मंडळी एका गोलाने हुकली, पण शेवटच्या मिनिटापर्यंत फातोर्डा उभे होते. या दोन शहरांमधली चुरस अशा जाण्या-येण्यातून तयार झाली.

आता आपल्याकडचे चित्र बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये सुपर कप भुवनेश्वरला एकाच शहरात, सरळ बाद पद्धतीने खेळवला गेला. चेन्नईयिनला मुंबई सिटीने पहिल्याच सामन्यात बाहेर काढले. मुंबई आणि चेन्नई या दोन महानगरांचा हा बाद सामना. तो ना मुंबईत झाला ना चेन्नईत. त्यानंतर लीगच्या व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ झाला आणि लीगचा पुढचा हंगामच लांबला. पैसे कमी, दिवस कमी, म्हणून सामने कमी, हीच भाषा आता जास्त ऐकू येणार. युरोपात एकेरी बाद फेरी आली तर तिचा दाखला सर्वांत आधी आपल्याकडे दिला जाईल. म्हणून लिस्बन आणि म्युनिकचा हा वाद सौकारपेटच्याही जिव्हाळ्याचा आहे.

प्रवासाचा आणि मैदानाच्या भाड्याचा खर्च मला समजतो; मी व्यापारी माणूस आहे. पण प्रेक्षक हेच क्लबचे भांडवल, आणि ते घरच्या मैदानावरच्या अटीतटीच्या सामन्यांनी वाढते. भारतीय फुटबॉल महासंघाकडे माझी मागणी सरळ आहे. लीगमध्ये बाद फेरी असेल तेव्हा उपांत्य फेरीची प्रत्येक लढत दोन सामन्यांची राहील आणि ते दोन्ही संघांच्या गावी होतील, हे नियमांत पक्के लिहा. सुपर कपचे सुरुवातीचे सामने हवे तर एका शहरात घ्या, पण उपांत्य फेरी तरी त्या त्या शहरांत न्या. आणि पूर-पावसाने सामना हलवावाच लागला तर त्या शहराला पुढच्या हंगामात एक मोठा सामना आधी द्या. व्यासरपाडीच्या पोराला नेहरू स्टेडियमपर्यंत चालत येता येते. भुवनेश्वरचे तिकीट त्याला परवडत नाही.