कॅशलेस दुरुस्ती, बेवारस जबाबदारी

विमा कंपनीने निवडलेल्या गॅरेजात मोटार दुरुस्त झाली आणि आठवड्याभरात तिचे ब्रेक पुन्हा एका बाजूला ओढू लागले, तर जाब कोणाला विचारायचा? प्रश्न साधा आहे, पण विमापत्राच्या बारीक टाइपात त्याचे सरळ उत्तर सापडणे कठीण. हप्ता कोणी, कधी व किती भरायचा, हे मात्र त्याच कागदावर ठळक अक्षरांत छापलेले असते.

हा मोटारवाल्यांचा प्रश्न, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असा शेरा कोणी मारील. तो शेरा आळशीपणाचा होय. गुलटेकडीच्या बाजारात पहाटे भाजीपाला उतरवणारा टेंपोवाला, कर्जावर घेतलेल्या टॅक्सीवर घर चालवणारा चालक, शाळेची मुले ने-आण करणारा व्हॅनवाला हे कोणत्या अर्थाने मोटारवाले? गाडी गॅरेजात उभी राहिली की त्यांचा रोजगार थांबतो, बँकेचा हप्ता थांबत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. पण कर्ज देणारा तो घ्यायला लावतोच.

या व्यवहाराची घडण पाहण्यासारखी आहे. कंपनी काही गॅरेजांशी आधीच करार करून ठेवते. मजुरीचे दर, सुट्या भागांवरील सूट ही सारी त्या दोघांत ठरते; मोबदल्यात गॅरेजला गाड्यांचा अखंड पुरवठा मिळतो. ज्याची गाडी, तो या करारात कोठेच नाही. नुकसान मोठे असेल तर परवानाधारक सर्व्हेअर येतो. कायद्याने तो निःपक्षपाती असायचा. त्याची नेमणूक आणि फी मात्र कंपनीकडून. कोणता भाग बदलायचा आणि कोणता ठोकून सरळ करायचा, हे येथेच ठरते. अशा गॅरेजचा खरा गिऱ्हाईक गाडीचा मालक उरत नाही, कंपनी होते. आणि तिला स्वस्त व झटपट काम हवे असते. त्या घाईचा भार अखेर डेंटिंग करणाऱ्या कारागिराच्या पाठीवर पडतो. मग वाकलेली चासी तशीच ठेवून वर पुट्टी भरली जाते, रंग चकचकीत मारला जातो. नवा भाग बिलात दिसतो, जुनाच गाडीत राहतो.

त्यातही मालक फुकट दुरुस्ती घेत नाही. प्रचलित विमापत्रांनुसार रबर, प्लास्टिक व बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो. गाडी ५ ते १० वर्षे जुनी असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के. नव्या भागाची निम्मी किंमत मालकाने मोजायची, पण प्रत्यक्ष बसला कोणता, हे विचारायचे नाही!

तक्रार केली की फेऱ्या सुरू होतात. गॅरेज म्हणते, मंजूर झाले तेवढेच काम केले. सर्व्हेअर म्हणतो, माझे काम नुकसान मोजण्याचे. कंपनी म्हणते, दुरुस्ती गॅरेजची, आमचा संबंध बिलापुरता. संबंध बिलापुरताच असेल तर गॅरेज निवडायला आणि दर पाडायला कंपनी पुढे कशी येते? आपल्या पसंतीच्या गॅरेजात जाण्याची मुभा असते, असे सांगितले जाईल. असते, पण तेथे आधी खिशातून पैसे भरून भरपाईची वाट पाहावी लागते. गाठीला पैसा असलेल्यालाच परवडणारी ही निवड आहे.

१९७२ च्या कायद्याने १०७ विमा कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन १९७३ पासून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या खिडकीवरही विमेदाराला ताटकळावे लागले, हे समाजवाद्यांनी लपवण्याचे कारण नाही. परंतु २००० पासून खाजगी कंपन्यांना दार उघडताना स्पर्धेने ग्राहक राजा होईल, असे सांगितले गेले. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्क्यांवर गेली; त्याच वर्षी सरकारी कंपन्यांत किमान ५१ टक्के वाटा सरकारचा असण्याची अटही काढली गेली. स्पर्धा झाली ती हप्ते गोळा करण्याची. बिघडलेल्या कामाची जबाबदारी अंगावर घेण्याची स्पर्धा कोणी पाहिली आहे काय?

मागणी स्पष्ट असली पाहिजे: जो गॅरेज निवडतो व दर ठरवतो, त्याने कामाची लेखी हमी द्यावी, आणि विमा नियामक प्राधिकरणाने हे कलम प्रत्येक विमापत्रात सक्तीचे करावे. काढलेला जुना भाग मालकाला दाखवलाच पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी हाती असलेली साधने वापरावीत. गाडी ताब्यात देताना समाधानपत्रावर सही मागितली जाते. तपासणी होईपर्यंत ती देऊ नये, द्यावीच लागली तर हरकत लिहून द्यावी. दडपणाखाली दिलेल्या अशा पावतीने ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे. कंपनीने लेखी तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. टेंपो पोटासाठी स्वतः चालवणारा माणूस कायद्याच्या लेखी ग्राहकच असतो, व्यापारी नव्हे. या तक्रारींचे मराठी नमुने छापून टॅक्सी-टेंपो संघटनांच्या कचेऱ्यांत ठेवण्याचे काम येत्या महिन्यातच हाती घेता येईल.