11.50 च्या आत धावलात, तर पुढं काय?

पहाटे पाचला जालन्यातल्या कुठल्याही मोकळ्या जागेवर जाऊन बघा. आझाद मैदान असो, क्रीडा संकुल असो, नाहीतर मंठा-घनसावंगीकडच्या एखाद्या गावाचा साधा डांबरी रस्ता. अंधारात बुटांचा आवाज येतोच. कुणीतरी खडूनं रेघ मारलेली असते, कुणीतरी मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभा असतो. धावून दमलेल्या एखाद्याला विचारा, काय करतोस? तो म्हणेल, "भरती करतोय." मी ॲथलीट आहे, असं कुणीच म्हणणार नाही.

तुमच्यातल्या निम्म्यांना हे गणित पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड 50 मार्कांचं. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, त्याला 20 मार्क. 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. मुलानं 100 मीटर 11.50 सेकंदांत मारलं की पंधरापैकी पंधरा. मुलींना 14 सेकंद. आता गंमत बघा. एखादा पोरगा 11.50 ऐवजी 10.9 मध्ये धावला तर? तरी पंधराच. त्या पुढच्या अर्ध्या सेकंदाची आपल्याकडं काहीच किंमत नाही. आणि ट्रॅकवर सगळा खेळ त्या अर्ध्या सेकंदाचाच असतो.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे मेरी डिसूझा. हे नाव ऐकलंय? मीही दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि मी पत्रकारिता शिकतेय!

मेरी मुंबईतल्या वांद्र्याची. 1951 ला दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तिथं तिनं 200 मीटरला कांस्य आणि 4 बाय 100 रिलेत रौप्य मिळवलं. 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकला 100 आणि 200 मीटर धावली. पहिल्या फेरीतच बाहेर पडली, पण ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर उतरणाऱ्या पहिल्या दोन भारतीय महिला म्हणजे ती आणि बंगालची निलिमा घोष. मग 1954 चं मनिला. क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी. या चौघींनी 4 बाय 100 रिले 49.5 सेकंदांत जिंकली. आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांचं हे पहिलं सुवर्ण. यातली स्टेफी पुढं 1958 ला 200 मीटरचं रौप्य घेऊन आली आणि 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकलाही धावली. मेरी तर भारताकडून हॉकीही खेळली. सरकारला तिची आठवण झाली 2013 मध्ये. ध्यानचंद पुरस्कार मिळाला तेव्हा ती 82 वर्षांची होती.

49.5 ला चारनं भागून बघा. एकीच्या वाट्याला साडेबारा सेकंदसुद्धा येत नाहीत. रिलेत पहिली सोडून तिघींना पळतीवर बॅटन मिळते, त्याचा फायदा असतो हे मान्य. तरीही सत्तर वर्षांपूर्वीचे ट्रॅक, तेव्हाचे बूट, आणि आपल्या भरतीत मुलींना पूर्ण मार्क 14 सेकंदांना.

आता या गोष्टीतला तो भाग, जो सगळ्यांना आवडतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. वांद्र्यातल्या मित्रमंडळींनी पत्त्यांचे डाव ठेवले, नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि त्यातून तिच्यासाठी रक्कम उभी केली. ओळखीचं वाटलं ना? त्याच हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणणारे आपले खाशाबा जाधव. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हे आपण शाळेपासून ऐकतो आणि छाती फुगते.

मला मात्र हल्ली ते ऐकून राग येतो. खर्डेकरांवर नाही, वांद्र्याच्या लोकांवर तर नाहीच. राग याचा येतो, की 1952 ची अडचण आपण 'प्रेरणादायी' करून टाकली. आम्ही बातम्या लिहिणारे यात पहिले गुन्हेगार. 'हलाखीवर मात करत झेप', 'अनवाणी धावून सुवर्ण' असले मथळे मी स्वतः लावलेत. वाचक खूश, ऑफिस खूश. पण ज्यांना वर्गणी मिळाली नाही, ज्यांच्या प्राचार्यांकडं गहाण ठेवायला घर नव्हतं, त्यांची बातमीच होत नाही. आपल्याला फक्त पोचलेलेच दिसतात.

खाशाबांना पुढं पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी लागली, 1955 ला. म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. आजही सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मिळतं पदक, प्रमाणपत्र हातात आल्यावर. पदक मिळवायच्या आधीची चार-पाच वर्षं, म्हणजे नेमकं तुमचं-माझं हे वय, पोरानं खायचं काय? घरी काय सांगायचं?

इथं इटलीचं उदाहरण देते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 ला इटलीच्या पोरांनी 4 बाय 100 रिले जिंकली. लोरेन्झो पट्टा, मार्सेल जेकब्स, फाउस्टो देसालू, फिलिपो तोर्तू. वेळ 37.50. ब्रिटन एका शतांश सेकंदानं मागं! जेकब्स त्याच आठवड्यात 100 मीटरचाही चॅम्पियन झाला होता. तो 'फियाम्मे ओरो'चा खेळाडू, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या क्रीडा पथकाचा. तोर्तू आणि देसालू 'फियाम्मे जाल्ले'चे, म्हणजे तिथल्या आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या दलाचे. ही पथकं धावपटूला पगार देतात, कोच देतात, आणि काम काय, तर धावायचं. फियाम्मे ओरो सुरू झालं 1954 ला. आपल्या चौघींनी मनिलात सुवर्ण मिळवलं, तेच साल.

म्हणजे तिकडं पोलिसात लागल्यावर धावणं सुरू होतं. आपल्याकडं पोलिसात लागेपर्यंतच धावायचं. नंतर बंदोबस्त.

आपल्याकडं हे जमतच नाही, असंही नाही. आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे आपल्या मराठवाड्याचाच. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. तिथंच धावपटू म्हणून घडला. मग 2022 ला राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 ला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. त्याची जिद्द आहेच. पण महिन्याच्या महिन्याला पगार जमा होत होता, दोन वेळचं जेवण होतं, आणि धावतोस म्हणून कुणी टोमणे मारत नव्हतं, हेही लिहायला पाहिजे ना?

त्यातही एकटा धावपटू कसातरी निभावून नेतो. गाव वर्गणी काढतं, एखादे सर पाठीशी उभे राहतात. रिलेचं तसं होत नाही. 4 बाय 100 मध्ये बॅटन घेणारी मागं बघत नाही. मागची ठरलेल्या खुणेवर आली की पुढची सुटते, हात मागं करते आणि बॅटन हातात पडेल यावर विश्वास ठेवते. तो विश्वास महिनोन् महिने रोज एकत्र धावून येतो. चार जणी एका गावात, एका मैदानावर, दोन-तीन वर्षं टिकल्या पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात चार मुली तीन वर्षं टिकणं किती अवघड आहे, तुम्हीच सांगा.

माझी परतूर तालुक्यातली एक मैत्रीण कॉलेजच्या रिले टीममध्ये तिसऱ्या नंबरला धावायची, म्हणजे वळणावर. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांचा तिसरा नंबर आला. पुढच्या वर्षी एकीचं लग्न ठरलं, एक पुण्याला कंपनीत लागली, एकीला घरच्यांनी होस्टेलवरून परत नेलं. राहिली ही एकटी. एकटीनं रिले कशी धावणार? मग तीही भरतीला लागली.

माझं म्हणणं फार मोठं नाही. 2024 च्या पोलीस भरतीत 17 हजारांवर जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले होते. सगळे ग्राउंडवर येत नाहीत, पण जे येतात त्यांचं 100 मीटर सरकार स्वतःच्या खर्चानं मोजतं. एवढी मोठी टॅलेंट हंट दुसरी कुठली असेल? आणि मोजून झालं की त्या आकड्यांचे फक्त मार्क होतात. त्या यादीतल्या सगळ्यात वेगवान पन्नास मुलांना आणि पन्नास मुलींना कुणी फोन केल्याचं मी अजून ऐकलं नाही. करावा की. लेखीत दोन मार्क कमी पडले तरी त्यांना घ्या, चार वर्षं पगार द्या, एका ठिकाणी ठेवा, कोच द्या. नाही जमलं कुणाला तर तो शिपाई म्हणून ड्युटी करेल, त्यात नुकसान कुणाचं? शंभर पगार राज्याला जड नाहीत. जालन्यात तर राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 3 आहे. सुरुवात इथूनच करा म्हटलं तरी माझी हरकत नाही.

परवा त्या मैत्रिणीचा फोन आला. 100 मीटर 13.6 आलं म्हणाली. म्हणजे पंधरापैकी पंधरा. मी विचारलं, "अजून कमी होईल का गं?"

"होईल की. मेहनत घेतली तर तेराच्या आत पण येईन," ती म्हणाली. "पण कशाला? गोळ्याला मार्क कमी पडायलेत. आता गोळाच करायलेय."