जीवनसत्त्व जेव्हा औषध होते

जीवनसत्त्वे निरुपद्रवी असतात, किंबहुना जितकी अधिक घ्यावीत तितकी हितकारकच ठरतात, ही आपल्या समाजात रूढ झालेली समजूत निरोगी माणसाला बहुधा केवळ खर्चात पाडते. परंतु किरणोपचार चालू असलेल्या कर्करुग्णाच्या ती जिवावर बेतू शकते. कारण काही जीवनसत्त्वजन्य द्रव्ये किरणांचे बळ वाढवितात, तर काही त्याच किरणांपासून रोगाला आश्रय देण्याचा संभव असतो.

किरणांच्या आघाताने पेशीतील पाण्याचे रेणू फुटतात, त्यांतून उत्पन्न होणारे अतिक्रियाशील अंश जनुकद्रव्यावर तुटून पडतात आणि जवळ प्राणवायू असल्यास ती इजा कायम होते. प्राणवायूचे हे माहात्म्य ब्रिटिश शास्त्रज्ञ ल्युई हॅरल्ड ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये सविस्तर मांडले. अर्बुदाची वाढ त्याच्या रक्तपुरवठ्याहून वेगवान असल्याने त्याच्या अंतर्भागातील कित्येक पेशी प्राणवायूवाचून उपाशी राहतात आणि अशा पेशी मारण्यास अडीच ते तीन पट मात्रा लागते.

ही उणीव भरून काढण्यास जे द्रव्य उपयोगी पडले, ते म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, निकोटिनामाइड. अर्बुदातील सूक्ष्म रक्तवाहिन्या अधूनमधून बंद पडतात, त्यास ते आळा घालते. आणि जोडीला कार्बोजेन, म्हणजे किंचित कर्बवायू मिसळलेला प्राणवायू, हुंगविला की उपाशी पेशींपर्यंत तो पोहोचतो. ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ३३३ रुग्णांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ४६ टक्के हयात होते, तर ही जोड मिळालेल्यांपैकी ५९ टक्के. नेदरलँड्समधील स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या चाचणीत मूळ गाठीवर अधिक परिणाम दिसला नाही, मात्र मानेतील ग्रंथींतील रोग अधिक आटोक्यात राहिला, आणि तो लाभ विशेषेकरून प्राणवायूची उणीव असलेल्या अर्बुदांत आढळला. येथे मात्रा दर किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोजच्या गरजेच्या दोनशे पटींहून अधिक असते, ती किरणांपूर्वी दीड-दोन तास द्यावी लागते आणि मळमळ व वांतीचा त्रास होतो. नाव जीवनसत्त्वाचे असले तरी हे सर्वार्थाने औषधच आहे.

याच्या उलट दाखला कॅनडातील क्वेबेक प्रांताचा. तेथे डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांच्या चाचणीत ज्यांना किरणोपचारादरम्यान व त्यानंतर ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण अधिक निघाले. आणि उपचार चालू असतानाही ज्यांनी धूम्रपान सोडले नाही, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका वाढलेला आढळला. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या प्रदेशाने हा निष्कर्ष विशेष गांभीर्याने घेतला पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो अशा स्वस्त द्रव्यांचा वाली कोण, हा. निकोटिनामाइडवर कोणाची मक्तेदारी नाही, त्यामुळे त्याच्या महागड्या चाचण्यांवर पैसा खर्च करण्यात कोणत्याही कंपनीला फायदा दिसत नाही. आणि ज्या देशात मुख व घशाचे कर्करोग पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मोडतात, त्या देशाला तर अशा द्रव्यांची गरज सर्वांत अधिक. ही जबाबदारी सार्वजनिक संस्थांनीच उचलली पाहिजे, आणि ती उचलता येते हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने सिद्धही केले आहे: स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिग्नोकेन हे जुने, स्वस्त बधिरीकरणाचे औषध टोचल्याने पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे त्याच्या नेतृत्वाखालील चाचणीत, २०२३ मध्ये, प्रसिद्ध झाले. मुख व घशाच्या कर्करोगातील प्राणवायूच्या उणिवेवर अशाच निष्ठेने चाचण्या घेता याव्यात, यासाठी केंद्र व राज्य सरकारांनी स्वतंत्र तरतूद करावी.

तोवर किरणोपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाने, शेजाऱ्याची शिफारस वा दुकानदाराचा सल्ला प्रमाण न मानता, आपण घेत असलेल्या प्रत्येक गोळीची व काढ्याची यादी उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावी आणि त्यांच्या अनुमतीवाचून एकही गोळी पोटात जाऊ देऊ नये.