पार्ट लोडने माल पाठवताना: भाड्याआधी जोखीम मोजा

कळंब तालुक्यातील सोयाबीन, तूर, हरभरा लातूरच्या बाजारात नेण्यासाठी टेम्पो मिळतो. चार शेतकऱ्यांचा माल एकत्र केला की गाडी भरते. अडचण येते ती शेतकरी कंपन्या आणि बचत गटांच्या लहान खेपेची. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला दहा पोती डाळ किंवा वीस खोकी मसाला पाठवायचा, तर पूर्ण गाडी परवडत नाही. मग ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर माल टाकून पार्ट लोडने पाठवावा लागतो.

पर्याय मोजकेच

7 ऑगस्ट 2020 रोजी देवळाली–दानापूर ही पहिली किसान रेल्वे सुटली. शंभरावी गाडी 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहून शालिमारला गेली. त्यात लहान खेपही घेतली जाई आणि फळे-भाजीपाल्याच्या भाड्यावर 50 टक्के अनुदान होते. अन्न प्रक्रिया मंत्रालयाचे हे अनुदान मार्च 2022 पर्यंतच राहिले. कळंब रोड नावाचे स्टेशन आहे, पण ते शहरापासून दूर आहे. एसटीनेही मे 2020 पासून मालवाहतूक सुरू केली. तरीही लहान व्यावसायिकाचा रोजचा आधार खासगी ट्रान्सपोर्टच आहे.

18 जुलै 2022 पासून आणखी एक बदल झाला. एका घेणाऱ्याच्या सगळ्या मालाचे भाडे 750 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नसे. ती सवलत गेली. शेतमाल, धान्य, कडधान्य, पीठ यांच्या वाहतुकीची सूट कायम आहे. मात्र मसाला, लोणचे, तेल पाठवणाऱ्या कंपनीने भाड्यावरील कर हिशेबात धरावा.

माल हरवला तर किती मिळते?

पार्ट लोडचा माल वाटेत दोन-तीन वेळा उतरतो आणि चढतो. त्यामुळे पोते फाटणे, माल भिजणे किंवा नग चुकणे हा धोका पूर्ण गाडीपेक्षा जास्त असतो. रस्ते मालवाहतूक कायदा 2007 आणि त्याखालील 2011 चे नियम यांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत.

समजा, 300 किलो डाळीची किंमत 30,000 रुपये आणि भाडे 900 रुपये आहे. पूर्ण खेप हरवली तरी भरपाईची मर्यादा 9,000 रुपये. उरलेले 21,000 रुपये आपल्या खिशातून जातात. म्हणजे भाडे जितके घासून कमी कराल, तितकी ही मर्यादाही खाली येते. किमती मालासाठी वाहतूकदाराचा जादा जोखीम दर द्यावा किंवा प्रवास विमा घ्यावा. त्याचा खर्च विक्रीदर ठरवतानाच धरावा.

उशिराबाबतही हेच आहे. माल पोहोचवण्याची मुदत कागदावर ठरलेली असेल, तर त्या मुदतीपर्यंतच्या उशिराची जबाबदारी भाड्याच्या रकमेपुरती असते. मुदत उलटल्यावर मोठी मर्यादा लागू होते. मुदत लिहिलेलीच नसेल तर वाद घालायला आधार राहत नाही. खव्यासारखा नाशवंत माल पाठवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

माल देताना काय करावे?

- बिल्टी घेतल्याशिवाय माल सोडू नये. तीवर नगांची संख्या, वजन, किंमत आणि पोहोचवण्याची मुदत लिहून घ्यावी.
- हलका पण जागा व्यापणारा माल असेल, तर भाडे वजनावर की आकारमानावर, हे आधी विचारावे.
- हमाली, बिल्टी खर्च, घरपोच खर्च आणि किमान भाडे धरून एकूण दर काढावा. दोन-तीन गटांचा एकाच गावचा माल एका बिल्टीवर पाठवल्यास किमान भाडे एकदाच लागते. मात्र कोणाचे किती नग, हे आपसात लिहून ठेवावे.
- प्रत्येक नगावर पाठवणारा, घेणारा आणि नगाचा क्रमांक (1/10, 2/10 असा) पक्क्या शाईने लिहावा. भरण्यापूर्वी फोटो काढावा.
- घेणाऱ्याने माल मोजूनच सही करावी. तूट किंवा नुकसान असल्यास पोहोच पावतीवर तिथेच शेरा मारावा.
- नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी. ती दिली नसेल तर दावा दाखल करता येत नाही.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी गटांच्या बैठकीत पॅकिंग आणि लेबलइतकाच वेळ बिल्टी वाचायला द्यावा. एका हरवलेल्या खेपेत लहान गटाचे महिन्याचे भांडवल जाऊ शकते.