पडदा काळा, संगणक जागाच

परवा ओपीडीत एका नातेवाइकाचा हात माउसला लागला. काळा पडदा उजळला आणि दुसऱ्याच रुग्णाचा एचआयव्हीचा अहवाल समोर आला. पासवर्ड विचारलाच गेला नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा नोंदी सुरक्षित ठेवणे प्रत्येक संस्थेवर बंधनकारक केले आहे. कागदी रजिस्टर आम्ही कुलपात ठेवतो, संगणक मात्र उघडा.

नुसता पडदा विझला तर आतले सगळे चालूच असते, वीजही जळत राहते. ‘स्लीप’मध्ये मुख्यतः रॅमला वीज मिळते आणि वापर काही वॅटवर येतो. पण वीज गेली की सेव्ह न केलेले कामही गेले, आणि नांदेड-लातूरला विजेचा भरवसा किती, हे मी काय सांगावे! म्हणून मी ‘हायबरनेट’च्या बाजूचा. त्यात सगळे डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते. पुन्हा सुरू होताना पासवर्ड विचारण्याची सोय मात्र चालू हवी.

त्याच्याही खाली फर्मवेअर असते. बटण दाबताच विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला हा प्रोग्रॅम. त्याला पासवर्ड नसेल, तर पेनड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली सुरू करता येते. डिस्क कूटबद्ध नसली की मग फायली वाचायला विंडोजचा पासवर्ड आड येत नाही.

हे सगळे यंत्रात आधीपासूनच आहे, वेगळी खरेदी नको. अर्ध्या तासाचे काम आहे. ते करायला नेमके कोणी यायचे, हे ठरलेले नाही.