भारतीय पर्यटकांसाठी पाकिस्तानचा व्हिसा
भारतीय नागरिकाला मिळणारा पाकिस्तानचा व्हिसा सामान्यतः संपूर्ण देशासाठी नसून ठरावीक शहरांपुरता असतो. भारतही पाकिस्तानी नागरिकांना असेच बंधन घालतो. ८ सप्टेंबर २०१२ रोजी इस्लामाबाद येथे झालेल्या द्विपक्षीय करारात १० ते ५० जणांच्या गटांसाठी पर्यटन व्हिसाची तरतूद झाली. एकट्या पर्यटकाला मात्र त्यात स्थान नव्हते.

मुंबईकरांची अडचण अधिक जुनी आहे. १९३६ पर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती. फाळणीनंतर अनेक कुटुंबे दोन्ही शहरांत विभागली गेली. १९९४ मध्ये मुंबईतील पाकिस्तानी व कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास बंद झाले आणि व्हिसाची वाट दिल्ली-इस्लामाबादमार्गे लांबली.

एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीयांचे सार्क सवलतीचे व्हिसा रद्द केले, परंतु शीख यात्रेकरूंना वगळले. विभक्त नातेवाइकांसाठी असा अपवाद केला गेला नाही.